आदिवासी मुला-मुलींसाठी वैमानिक प्रशिक्षण: पैसा कुठून आणायचा आणि कोणत्या क्रमाने

धुळ्याला प्रशिक्षणाची छोटी विमानं उडतात, शिरपूरला उडतात, गोंदियाजवळच्या बिरसीलाही उडतात. म्हणजे राज्यातली काही फ्लाइंग स्कूलं आदिवासी पट्ट्याच्या उंबरठ्यावरच आहेत. शिरपूरच्या धावपट्टीमागे सातपुडा सुरू होतो आणि त्याच्या कुशीत पावरा पाडे आहेत. विमानांचा आवाज पाड्यावर पोचतो, पण आत बसणारं पोर पाड्यावरचं असणं विरळाच. कारण सरळ आहे. कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, हातात पडेपर्यंत आज भारतात साधारण ४५ ते ६० लाख रुपये लागतात. पुढं एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठरावीक विमानाचं प्रशिक्षण, स्वतःच्या खिशातून करायचं तर आणखी बारा-पंधरा लाख.

मी आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो. भाच्याची आणि दोन माजी विद्यार्थ्यांची फाईल काखेत मारून आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, जात तपासणी समिती, बँक अशा चकरा मी मारल्यात, आणि त्यात जे कळलं ते इथं पायऱ्या-पायऱ्यांनी मांडतो. आधीच सांगतो: अर्ज केला की सगळा खर्च उचलला जाईल, अशी एकही योजना मला आजवर भेटलेली नाही. पैसा चार-पाच नळांतून येतो, प्रत्येक नळाची चावी वेगळ्या कचेरीत असते आणि चुकीच्या क्रमाने गेलात तर सगळेच कोरडे निघतात. म्हणून रकमेपेक्षा क्रमाकडे जास्त लक्ष द्या.

हे जमतं का? ओडिशाच्या मलकानगिरीची अनुप्रिया मधुमिता लाक्रा २०१९ साली इंडिगोत सहवैमानिक म्हणून रुजू झाली. वडील पोलिसात हवालदार. तिने इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं ते २०१२ साली. मधली सात वर्षं मोजा, म्हणजे या वाटेवर किती दम लागतो याचा अंदाज येईल.

पहिली पायरी: आधी वैद्यकीय, मग बाकी सगळं

फीची चौकशी, कर्जाची चौकशी, सगळं बाजूला ठेवा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नेमलेल्या डॉक्टरकडून आधी क्लास टू वैद्यकीय तपासणी करून घ्या. डॉक्टरांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते, अर्ज ई-जीसीए पोर्टलवरून जातो. खर्च काही हजारांत भागतो. क्लास टू झाली की फार न थांबता क्लास वन. सीपीएलला क्लास वनच लागते. रंग ओळखणं, कानाची तपासणी, ईसीजी, रक्त-लघवी, छातीचा एक्स-रे असं सगळं त्यात येतं. चष्मा असला म्हणून घाबरू नका, चष्म्याने नजर नीट होत असेल तर चालतं. रंगांधळेपणा मात्र इथंच कळलेला बरा. पाच लाख भरल्यावर कळण्यात काय अर्थ?

आपल्या समाजासाठी इथं एक खास गोष्ट आहे, आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. सिकलसेल, रक्तातला आनुवंशिक आजार. नंदुरबार, गडचिरोली, गोंदिया या भागांत भिल, पावरा, गोंड, माडिया घरांत सिकलसेलचे वाहक बरेच असतात, आणि कित्येकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकच नसतं. गावातली झटपट चाचणी, जिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात, ती फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगते. एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण हा फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतच कळतो. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. रुग्णाला उंचीवर, कमी ऑक्सिजनमध्ये त्रास होऊ शकतो आणि क्लास वन मिळणं जवळपास अशक्य होतं. २०२३ च्या जुलैत केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तेव्हापासून तपासणी आणि कार्ड दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पक्क्या तपासणीचा अहवाल हातात घेऊनच क्लास वनच्या डॉक्टरांपुढे बसा आणि वाहक असाल तर स्वतःहून सांगा. लपवलेली गोष्ट पुढच्या नूतनीकरणात निघाली तर लायसन्सच जातं.

'तात्पुरते अपात्र' असा शेरा आला म्हणजे दार बंद झालं असं नाही. माझ्या एका विद्यार्थ्याला हिमोग्लोबिन कमी म्हणून तो मिळाला होता. तीन महिने नाचणी, पालेभाजी, गोळ्या असं करून तो परत गेला आणि पास झाला.

दुसरी पायरी: व्हॅलिडिटी

जातीचा दाखला वेगळा, जात वैधता प्रमाणपत्र वेगळं, हे आता बहुतेकांना माहीत असतं. तरी दरवर्षी मुलं इथंच अडकतात. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. वैधता मात्र अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती देते. नाशिक, ठाणे, पुणे, नागपूर, अमरावती, गडचिरोली अशा ठिकाणी या समित्या आहेत. अकरावीत विज्ञान शाखा घेतली त्याच वर्षी कॉलेजमार्फत प्रस्ताव टाका. बारावीच्या निकालानंतर टाकलेला प्रस्ताव प्रवेशाच्या मुदतीत हातात येईल, या भरवशावर राहू नका.

समितीला मुख्यत्वे हवा असतो तो ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या तारखेचा आहे, म्हणून. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यू नोंदवहीतला उतारा, जुना सातबारा किंवा कडईपत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, जे मिळेल ते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या पिढीचा शाळेचा दाखला कुठून आणायचा, हा आपला जुना प्रश्न. तिथं तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. गावात कोण जन्मलं, कोण वारलं याची त्यात जातीसकट नोंद असते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर ती जोडा, निम्मं काम तिथंच होतं. आणि आप्तभाव चाचणीत देव, सण, लग्नाच्या रीती विचारून 'जुळत नाही' असा शेरा आला तर माहीत असू द्या: कागदपत्रांना बाजूला सारून केवळ त्या चाचणीवर निकाल देता येत नाही, ती अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात सांगितलं आहे.

भाच्याच्या वेळी काय झालं ते सांगतो. आडनाव इंग्रजीत आधारवर 'डब्ल्यू'ने, दहावीच्या गुणपत्रिकेवर 'व्ही'ने. एका अक्षरापायी पाच महिने गेले. राजपत्रात नावबदल, मग आधार, मग परत प्रस्ताव. डीजीसीएला दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच लागतं, म्हणून बाकी सगळे कागद गुणपत्रिकेसारखे करून घ्या. गुणपत्रिकेलाच हात लावायला गेलात तर काम फार लांबतं.

आणि हो, अनुसूचित जमातीला नॉन-क्रीमी लेयर लागत नाही. सेतू केंद्रात कुणी मागितलंच तर नम्रपणे 'लागत नाही' म्हणा आणि उत्पन्नाचा दाखला तेवढा घ्या.

तिसरी पायरी: घरबसल्या होणारा अर्धा अभ्यास

सीपीएलसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. आपल्याकडची कित्येक हुशार मुलं जवळ विज्ञान शाखाच नाही म्हणून कला शाखेला जातात. त्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, हे दोन विषय वेगळे दिले तरी डीजीसीए ते मान्य करतं. वय परवान्याच्या वेळी १८ पूर्ण हवं.

लायसन्ससाठी हवेत २०० तास लागतात. त्यांतले १०० तास स्वतः वैमानिक म्हणून, त्यांत २० तास एका गावाहून दुसऱ्या गावी. शिवाय १० तास केवळ यंत्रांकडे बघून आणि ५ तास रात्रीचे. पण जमिनीवरच्या परीक्षांना, म्हणजे हवाई नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम आणि तांत्रिक विषय यांना, विमान लागत नाही. डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेचा नोंदणी क्रमांक, काढा आणि अभ्यासाला बसा. पास व्हायला ७० टक्के लागतात.

बहुतेक मुलं आधी फ्लाइंग स्कूलला लाखो रुपये भरतात आणि मग तिथल्या वसतिगृहात बसून या परीक्षा देतात. जेवणाचं, राहण्याचं बिल चालू आणि विमान जमिनीवर. पेपर आधी काढून मगच प्रवेश घ्या. खर्च वाचतो आणि बँकेच्या मॅनेजरपुढे चार पास झालेले निकाल ठेवले की त्याचा सूरही बदलतो, हे मी समोर बसून पाहिलंय. पुस्तकं इंग्रजीत आहेत, त्याला इलाज नाही. मी मुलांना रोज एक पान मोठ्याने वाचायला लावायचो, कारण पुढं रेडिओवर बोलायचंही इंग्रजीतच असतं आणि त्याची आरटीआर नावाची वेगळी परीक्षा असते.

चौथी पायरी: पैशाचे नळ

सरकारी संस्थेपासून सुरुवात करू. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यात फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे, लोक तिला 'इग्रुआ' म्हणतात. केंद्राची संस्था, त्यामुळे अनुसूचित जमातीला राखीव जागा आहेत. बारावीत इंग्रजी, भौतिकशास्त्र, गणित या विषयांना खुल्या वर्गासाठी ५० टक्के, आपल्यासाठी ४५ टक्के. उंची किमान १५८ सेंटिमीटर. लेखी परीक्षा, मग पायलट अभिवृत्ती चाचणी आणि मुलाखत. लेखी परीक्षेचं गणित-भौतिकशास्त्र बारावीच्याच पातळीचं असतं. फी साधारण ४५ लाख आणि ती हप्त्यांत भरायची असते. खासगी शाळांपेक्षा आकडा फार कमी वाटणार नाही, पण तास वेळेत पूर्ण होण्याची शक्यता जास्त असते आणि बँकेला सरकारी नाव दिसतं.

आता शिष्यवृत्ती. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अभ्यासक्रमांचे चार गट आहेत. पहिल्या गटात वैद्यकीय, अभियांत्रिकी यांच्या बरोबरीने सीपीएलचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, हेलिकॉप्टर आणि मल्टी-इंजिन रेटिंगसकट. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण एका कचेरीत समोरच्या बाबूने 'विमानाला कसली स्कॉलरशिप' म्हणून हसून फाईल परत सरकवली होती. मार्गदर्शक सूचनांची छापील प्रत नेली, पहिल्या गटाखाली लाल रेघ मारली, तेव्हा अर्ज घेतला गेला. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. पैसा केंद्राचा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. तुम्ही राज्याबाहेर शिकत असलात तरी शिष्यवृत्ती तुमच्या मूळ राज्यानेच द्यायची असते. उड्डाणाच्या तासांपैकी किती रक्कम मान्य होईल, हे मंजुरी देणाऱ्या कचेरीकडून प्रवेशाआधी लेखी घ्या.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. तिथं तुमची संस्था किंवा अभ्यासक्रम यादीत दिसला नाही तर नेट कॅफेवाल्याच्या सल्ल्याने दुसराच कुठला अभ्यासक्रम निवडू नका. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्यावर शिक्का आणि आवक क्रमांक हवाच. महिन्यात उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार वापरा. अर्ज मराठीतच, भांडणाची भाषा न वापरता: 'अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीची माहिती मिळावी.' अशा एका ओळीने फाईल टेबलावरून हललेली मी पाहिली आहे.

पैसे मंजूर झाले तरी खात्यात येत नाहीत, ही पुढची रड. बँकेत आधार 'लिंक' असणं वेगळं आणि थेट लाभासाठी 'सीडिंग' असणं वेगळं. सरकारी पैसा ज्या खात्याला आधार सर्वांत शेवटी सीड झालंय तिथं जातो. आमच्या पोराचा पहिला हप्ता त्याच्या आईने कधीकाळी उघडून दिलेल्या जनधन खात्यात जाऊन बसला होता, आणि आम्ही चार महिने पोर्टलला शिव्या घालत होतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते, ती आजच बघून घ्या.

आदिवासी कार्य मंत्रालयाची 'टॉप क्लास' म्हणून ओळखली जाणारी राष्ट्रीय शिष्यवृत्ती वेगळी. तिची उत्पन्न मर्यादा ६ लाख, दरवर्षी देशभरातून १००० नवे विद्यार्थी, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. पण ती मंत्रालयाच्या यादीतल्या संस्थांनाच लागू होते. ज्या संस्थेत जाणार तिचं नाव त्या वर्षीच्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधी बघा. संस्थेचा माणूस फोनवर 'हो हो, मिळते' म्हणाला तर यादीतलं पान मागा.

राहण्या-जेवणासाठी आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. काही ठिकाणी सीपीएलसोबत विद्यापीठाची बीएस्सी एव्हिएशन पदवी जोडलेली असते. अशा मुलांना पदवीच्या जोरावर हे अर्ज करणं सोपं जातं, कारण पोर्टलला 'पदवी' हा शब्द कळतो. प्रकल्प कार्यालयाच्या न्यूक्लिअस बजेटमधूनही, म्हणजे स्थानिक गरजांसाठी त्यांच्या हाती असलेल्या निधीतूनही, परीक्षा शुल्क, वैद्यकीय, शिकवणी अशा हजारांतल्या खर्चासाठी प्रस्ताव टाकता येतो. तिथं प्रकल्प अधिकाऱ्याच्या उत्साहावर बरंच अवलंबून असतं, म्हणून पोराला घेऊन स्वतः भेटा.

पाचवी पायरी: कर्ज आणि जमिनीची अडचण

वरचं सगळं जमलं तरी मोठी रक्कम उरतेच आणि ती कर्जाने भरावी लागते. आधी स्वस्त कर्ज घ्या. राष्ट्रीय अनुसूचित जमाती वित्त व विकास महामंडळाची आदिवासी शिक्षा ऋण योजना आहे: १० लाखांपर्यंत, वार्षिक ६ टक्क्यांनी. महाराष्ट्रात यासाठी नाशिकच्या शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाच्या शाखेत जायचं. बँकेचा दर साडेदहा टक्के धरला तर १० लाखांवर वर्षाला ४५ हजारांचा फरक पडतो. महामंडळाचं काम सावकाश चालतं, म्हणून बँकेच्या सहा महिने आधी हा अर्ज टाका.

मग बँक. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत डीजीसीए-मान्य वैमानिक प्रशिक्षण पात्र अभ्यासक्रमांत धरलेलं आहे. शाखेत 'पायलटला कर्ज नसतं' म्हणाले तर ही योजना वाचायला सांगा. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो. ४ लाखांपर्यंत मार्जिन, म्हणजे स्वतः भरायचा हिस्सा, नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण नाही, त्यापुढे तारण. आणि खरी गाठ इथं बसते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शेती आहे ना, मग ठेवा गहाण. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ मुळे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. हे कलम आपल्या जमिनी वाचवायला आलं आणि ते हवंच. पण कर्ज थकलं तर ही जमीन सहजी विकता येणार नाही, हे बँकेला कळतं, म्हणून मॅनेजर सातबारा बघून हसतमुखाने चहा पाजतो आणि परत पाठवतो. वनहक्काचा पट्टा तर २००६ च्या कायद्यानेच वारसाने मिळणारा, पण विकता किंवा हस्तांतरित न करता येणारा आहे. तो तारण म्हणून पुढे करूच नका, मान हलण्यापलीकडे काही होत नाही.

मग तारण काय द्यायचं? एलआयसीच्या जुन्या पॉलिसी, मुदत ठेवी, राष्ट्रीय बचत पत्रं. घरात कुणी शिक्षक, तलाठी, पोलिस असेल तर त्याचं सह-कर्जदार म्हणून नाव आणि पगाराच्या स्लिपा. भाच्याच्या वेळी दोन मामा आणि एक काका असे तिघे सरकारी नोकर एकत्र आले, तेव्हा काम झालं. ज्या घरात एकही पगारदार नाही त्याला ही वाट फार अवघड आहे, हे मी गोड बोलून लपवणार नाही. अशा मुलाने पुढची सहावी पायरी आधी वाचावी.

हिशेब कागदावर मांडाच. ३० लाख, साडेदहा टक्के, १५ वर्षं: महिना हप्ता ३३ हजारांच्या आसपास. हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. पूर्ण ३० लाख उचलले असतील तर वर्षाला सव्वातीन लाखांच्या घरात. म्हणून बँकेला सांगा की रक्कम टप्प्याटप्प्याने, फ्लाइंग स्कूलच्या मागणीपत्राप्रमाणे सोडा. आणि लायसन्स मिळालं की दुसऱ्या दिवशी नोकरी, असं धरून चालू नका. २०२३ साली डीजीसीएने १६२२ सीपीएल दिली, तोवरचा विक्रम. ती सगळी मुलं एकाच वेळी त्याच मोजक्या कंपन्यांच्या दारात उभी होती.

फ्लाइंग स्कूल निवडताना

इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून आधी नुसतं बघायला जा. सकाळी सहाला पोचा. विमानाच्या पंखाखाली वाकून कुणीतरी काचेच्या छोट्या नळीत इंधन काढताना दिसेल. निळसर इंधन प्रकाशात धरून तळाला पाण्याचा थेंब आहे का, ते बघतात. ते करणारा विद्यार्थी असेल तर त्याच्याशी बोला: गेल्या महिन्यात किती तास उडालास? विमानं किती आणि त्यांतली आज उडण्याजोगी किती? इन्स्ट्रक्टर किती? कार्यालयातल्या चकचकीत माहितीपत्रकापेक्षा ही दहा मिनिटं जास्त सांगून जातात. हँगरमध्ये धूळ खात पडलेली विमानं मोजायला विसरू नका.

आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग आणि पाऊस, तास रखडतात. जूनमध्ये प्रवेश घेऊन पूर्ण फी भरणारा चार महिने वसतिगृहात झोपा काढतो. ऑक्टोबरच्या आसपास सुरुवात करा. पूर्ण फी एकदम कधीच भरू नका, कितीही सूट दिली तरी. प्रत्येक टप्प्याचे तास पूर्ण झाल्यावर पुढचा हप्ता, आणि मध्येच सोडलं तर न उडलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत, हे करारात लिहून घ्या. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे लाखो रुपये अशा एका खासगी संस्थेत अडकले. विमान दुरुस्तीला गेलं ते आलंच नाही, आणि पावतीवर फक्त 'प्रशिक्षण शुल्क' एवढंच लिहिलेलं होतं. डीजीसीए आता फ्लाइंग स्कूलची क्रमवारी जाहीर करतं, ती बघा, पण सकाळची फेरी चुकवू नका.

सहावी पायरी: फुकटची वाट

ही मी पहिली लिहायला हवी होती, असं भाचा म्हणतो. भारतीय वायुसेनेत वैमानिक झालात तर प्रशिक्षणाचा एक रुपया लागत नाही, उलट प्रशिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, भौतिकशास्त्र-गणित हवंच. इथं आरक्षण नाही. फ्लाइंग शाखेला उंची १६२.५ सेंटिमीटर लागते आणि पायलट अभिवृत्तीची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, त्यामुळे 'बघू, जाऊन तर येऊ' म्हणून जाऊ नका.

तयारीसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. दहावीच्या वर्षी प्रवेश परीक्षा होते, त्यामुळे आश्रमशाळेतल्या शिक्षकांनी नववीतच मुलं हेरायला हवीत. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ साली आली आणि मे २०२५ मध्ये १७ जणी बाहेर पडल्या. आमच्या शाळेत झाडावर सर्वांत उंच चढणारी मुलगी आठवीत आहे, मी तिच्यावर नजर ठेवून आहे.

या दारांवर वेळ घालवू नका

आदिवासी कार्य मंत्रालयाची परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीचंही तसंच. परदेशातल्या फ्लाइंग स्कूलला त्यातून काही मिळणार नाही. नागपूरच्या महाज्योतीने वैमानिक प्रशिक्षणाची जाहिरात काढली की व्हॉट्सअॅपवर ती आपल्याही गटात फिरते, पण महाज्योती इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी. बार्टी अनुसूचित जातींसाठी. आपली संस्था पुण्यातली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. तिच्या संकेतस्थळावर महिन्यातून एकदा नजर टाकत जा, आणि वैमानिक प्रशिक्षणाची मागणी तिथं लेखी नोंदवा. मागणीची पत्रं फाईलला लागलेली असली की योजनेचा प्रस्ताव वर पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला ती उपयोगी पडतात. मी आजवर अकरा पत्रं पाठवली, सगळ्यांची पोच ठेवली आहे.

शेवटचं एक काम कर्ज घेतलेल्यांसाठी. कर्जदार आई-वडिलांना प्राप्तिकर लागत असेल तर मुलाच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर वजावट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०ई) मिळते, मामा-काकांना नाही, आठ वर्षांपर्यंत, पण जुन्या कर पद्धतीत. पोरगं नोकरीला लागेपर्यंत व्याज वडीलच भरत असतील तर सह-कर्जदार म्हणून कर्जाच्या कागदावर त्यांचं नाव आहे ना, हे सही करण्याआधी तपासा, आणि दर एप्रिलला बँकेतून व्याजाचा दाखला घेऊन त्यांच्या हातात द्या.